जळगाव ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती, हे स्वतः कसं काढायचं

जळगावात कुणालाही विचारा, मुंबई किती लांब? 'चारशे वीस किलोमीटर' असं उत्तर फारसं कुणी देत नाही. 'रात्री गाडीत बसा, सकाळी दादरला उतरा,' असं सांगतात. अंतर तासांत सांगायची ही आपली सवय फार चांगली आहे. पण पोरगा न्यू जर्सीला किंवा लेक मेलबर्नला गेली की आपण ती विसरतो. मोबाइलवर 'मुंबई ते न्यूयॉर्क' टाकायचं, साडेबारा हजार किलोमीटर आणि पंधरा-सोळा तास असे दोन आकडे दिसले की तेच सगळ्या गणगोताला सांगत सुटायचं. मग आई-वडील प्रत्यक्ष निघतात, तेव्हा घराच्या ओट्यावरून पाय उचलल्यापासून पोराच्या दारात टेकेपर्यंत छत्तीस-चाळीस तास जातात. गोळ्या, डबा, झोप, सगळ्याचं गणित कोलमडतं.

म्हणून हा लेख. पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांसाठी आहे आणि त्यांचं तिकीट काढून देणाऱ्या पोरासोरांसाठीही. उदाहरण जळगाव–न्यूयॉर्कचं घेतलंय, पण रीत एकदा हाती आली की धुळे–लंडन घ्या नाहीतर शहादा–दुबई, हिशेब तोच. वही-पेन्सिल घ्या. घरात शाळेतल्या पोराचा पृथ्वीगोल असेल तर तोही घ्या, आणि शिवणकामाचा दोरा.

१. आधी विमानतळ नक्की करा

'मुंबईहून विमान आहे' एवढं आता पुरत नाही. सहारचा जुना विमानतळ आहेच, त्याशिवाय २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईहूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. कल्याणला उतरलेल्या माणसासाठी या दोन जागा दोन वेगळ्या दिशांना आहेत. तिकिटावर प्रत्येक विमानतळाची तीन अक्षरी खूण असते, ती बघा. सहारची बीओएम, नवी मुंबईची एनएमआय, जळगावची जेएलजी, सुरतची एसटीव्ही. सहारमध्येही टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन वेगळे आहेत, एकातून दुसऱ्यात जायला बाहेरच्या रस्त्याने गाडी करावी लागते. परदेशी उड्डाणं टर्मिनल दोनवरून होतात.

तिकडचंही तसंच. न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि नेवार्क असे दोन मोठे विमानतळ आहेत. नेवार्क, म्हणजे ईडब्ल्यूआर, हा मुळात न्यू जर्सी राज्यात आहे. पोरगा एडिसनला राहत असेल तर नेवार्क त्याच्या अंगणात. जेएफकेला उतरलात तर त्याला अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यावं लागेल. तिकीट चार पैशांनी स्वस्त दिसलं म्हणून जेएफके घ्यायचं आणि मग ते पैसे गाडीभाड्यात घालायचे, असं होऊ देऊ नका.

नंदुरबार, नवापूर, तळोद्याच्या लोकांनी मुंबईच्या आधी सुरत बघावं. ताप्ती लाइनची गाडी थेट सुरतेला नेते आणि दुबईला जायला सुरतहूनही विमान मिळतं. धुळे-शिरपूरकरांना आग्रा रोडने इंदूर गाठणंही काही वेळा सोयीचं पडतं, विशेषतः दिल्लीमार्गे पुढे जायचं असेल तर.

२. दोरा ताणून अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक समुद्र ओलांडून जाते. विमान तसं जात नाही. नकाशा हा गोल पृथ्वी सपाट करून काढलेला असतो आणि त्या खटाटोपात उत्तरेकडचे देश ताणले जातात. त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता नसतो.

आता पृथ्वीगोलावर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो. मुंबईतून निघून वायव्येपेक्षाही जरा जास्तच उत्तरेकडे वळतो. पाकिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंड-स्वीडनच्या मधला समुद्र, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि तिथून खाली कॅनडावरून न्यूयॉर्क. म्हणजे १९ अक्षांशावरचं मुंबई आणि ४१ अक्षांशाच्या आतबाहेरचं न्यूयॉर्क जोडायला हा रस्ता जवळपास ६५ अक्षांशापर्यंत चढतो. एकदा दोरा लावून बघितलात की 'अमेरिकेला जाताना बर्फ कसा काय दिसला?' हा प्रश्न पुन्हा पडणार नाही.

दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजा. शाळेतला मोठा गोल साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचा असतो. त्याच्या विषुववृत्ताचा घेर ९४ सेंटीमीटर भरतो आणि खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे ४२५ किलोमीटर. मुंबई–न्यूयॉर्क दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरेल. गुणाकार करा, साडेबारा हजार येतात. अक्षांश-रेखांशावरून काटेकोर हिशेब केला तर १२,५३० किलोमीटर. दोऱ्यात आणि हिशेबात पाचपंचवीस किलोमीटरचा फरक पडला तर पडू द्या, एवढ्या लांबच्या वाटेवर तो दोन-चार मिनिटांचा आहे. गोल लहान असेल तर त्याच्या विषुववृत्ताचा घेर दोऱ्याने मोजायचा आणि ४०,००० ला त्याने भागायचं.

गोल नसेल तर मोबाइलवर अंतर बघा, पण ते 'हवाई' आहे की रस्त्याचं हे तपासा. जळगाव–मुंबई हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटर आहे, रेल्वेने मात्र ४२० होतं. विमानातल्या पडद्यावर कधी अंतर मैलांत दिसतं, त्याला १.६ ने गुणा.

खरं विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही, हेही धरून चाला. वारा, वादळ आणि कुणाच्या हद्दीतून जायला मनाई आहे यावर वाट रोज ठरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा आपल्या कंपन्यांच्या पश्चिमेकडच्या फेऱ्यांना वळसा पडला. तो दिल्लीहून निघणाऱ्यांना जास्त जाणवला. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून बाहेर पडू शकतं, त्यामुळे इथे फरक कमी.

३. किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याचं मोठं विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण चढताना-उतरताना ते हळू असतं आणि धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायलाही वेळ जातो. म्हणून सोपा नियम: किलोमीटरना ८५० ने भागा आणि वर अर्धा तास घाला.

मुंबई–दुबई १,९३० किलोमीटर. भागून सव्वादोन, अर्धा घालून पावणेतीन तास. तिकिटावर तीन-सव्वातीन दिसतील. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, नियमाने नऊ तास, तिकिटावर साडेनऊ-दहा. मुंबई–न्यूयॉर्क नियमाने सव्वापंधरा, तिकिटावर सोळाच्या आसपास. जळगावहून उडणाऱ्या पंख्याच्या छोट्या एटीआर विमानाला हा नियम लागू नाही, ते ताशी ५०० च्या आसपासच उडतं. तिथे ४५० ने भागा.

पश्चिमेला जाताना आपला आकडा कमी का पडतो? वाऱ्यामुळे. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहत असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढेही जातो. पूर आलेल्या तापीत नाव उलटी वल्हवायची आणि धारेबरोबर सोडायची, यात जेवढा फरक तेवढाच इथे. म्हणून जाताना सोळा तास लागणारं विमान परतीला चौदात येतं. जाण्या-येण्याच्या वेळा वेगळ्या दिसल्या म्हणजे तिकिटात चूक आहे असं समजू नका.

एक शंका हमखास निघते, पारावर तर निघतेच: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपणहून चालत यायला नको का? नको. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. वरचा जेट प्रवाह तर पृथ्वीच्याही पुढे धावतो, त्यामुळे उलट पश्चिमेला जाणाऱ्यालाच जास्त वेळ लागतो.

४. तिकिटावरच्या वेळा भारतीय घड्याळात उतरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावाची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावाची. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री २ वाजता विमान सुटतंय आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ८ ला पोचतंय. वजाबाकी केली तर सहा तास! 'सहा तासांत अमेरिका' असा निरोप एखाद्या घरात फिरतो तो असा.

भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कचं हिवाळ्यात पाच तास मागे असतं. दोहोंत साडेदहा तासांचा फरक. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. तेवढ्या काळात फरक साडेनऊ तास. आपल्याकडे घड्याळाला हात लावायची पद्धत नाही, म्हणून हे डोक्यात राहत नाही. होळीच्या सुमारास पोराचा रोजचा फोन एक तास आधी यायला लागला, तर कारण हे.

रीत अशी: पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत बदला, मग वजाबाकी करा. सकाळचे ८ अधिक साडेदहा, म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. रात्री २ ते संध्याकाळी साडेसहा, साडेसोळा तास. हा खरा प्रवास.

तोंडी करायचं तर न्यूयॉर्कसाठी एक युक्ती आहे. सकाळचं संध्याकाळ करा, संध्याकाळचं सकाळ, आणि हिवाळ्यात दीड तास कमी करा, उन्हाळ्यात अडीच. तिकडे सकाळचे ८, तर इथे रात्रीचे ८ वजा दीड, म्हणजे साडेसहा. कॅलिफोर्निया न्यूयॉर्कच्याही तीन तास मागे आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. सरळ साडेतेरा किंवा साडेबारा तास मिळवा. दुबई आपल्या फक्त दीड तास मागे. मेलबर्न उलट आपल्या पुढे, साडेचार तास, आणि त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, साडेपाच.

परतीला तारीख बदलते. न्यूयॉर्कहून सोमवारी दुपारी साडेबाराला निघालं आणि मुंबईत दुपारी १ ला पोचलं, तर तो १ मंगळवारचा असतो. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात 'अधिक १' अशी खूण असते, म्हणजे पुढचा दिवस. सोमवारचे साडेबारा आपल्याकडे रात्रीचे ११, तिथून मंगळवारी दुपारी १ पर्यंत चौदा तास. जमलं हिशेबात.

आता तारखेचा सापळा. मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ जानेवारी, ०२:००' असं लिहिलेलं असतं. आपल्या बोलण्यात रात्री दोनला अजून '१४ ची रात्र'च चालू असते, पण तिकिटाच्या लेखी १४ तारीख बारा वाजता संपली. म्हणजे विमानतळावर १४ ला रात्री दहाच्या आत पोचायचंय आणि जळगावहून १४ ला सकाळीच निघायचंय. '१५ ला विमान आहे, १५ ला सकाळी निघू' असं म्हणून रेल्वेचं आरक्षण १५ चं काढलंत, तर तुम्ही मनमाडला पोचाल तेव्हा विमान अर्ध्या वाटेवर असेल. कॅलेंडरवर १४ च्या चौकोनात लाल पेनने 'आज निघायचं' असं लिहून ठेवा. १५ च्या चौकोनात काहीही लिहू नका.

५. मधला थांबा: किलोमीटर थोडे, तास जास्त

थेट विमान महाग असतं, म्हणून बरेच जण दुबई, अबूधाबी, दोहा किंवा युरोपात विमान बदलून जातात. लोकांना वाटतं मोठा फेरा पडतो. फेरा फारसा पडत नाही. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०००, मिळून १२,९३०. थेट वाटेपेक्षा चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे अर्ध्या तासाचं उड्डाण. लंडनमार्गे तर सव्वादोनशे-अडीचशेच वाढतात. वेळ जातो तो उतरणं, तपासणी, वाट बघणं आणि पुन्हा चढणं यात.

थांबा किती असावा? माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या साठीपुढच्या माणसांना दीड तासाचा थांबा देऊ नये, मग संगणक कितीही 'चालेल' म्हणो. मोठ्या विमानतळावर एका दरवाजापासून दुसऱ्यापर्यंत चालायलाच अर्धा तास लागतो, मध्ये सरकते जिने, कधी आतली रेल्वे. अडीच ते चार तासांचा थांबा उत्तम. आठ तासांचा थांबा घेऊन वाचलेले पैसे कमरेला भोवतात. आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. भाषा न येणाऱ्याला ती ढकलणारा माणूस थेट योग्य दरवाजापर्यंत नेऊन सोडतो, हा खरा फायदा.

दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असली पाहिजेत. मग पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला बघावी लागते. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती जबाबदारी तुमची. जळगाव–मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं असेल तर हाच नियम तिथेही.

अमेरिकेत शिरताना आणखी एक. ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथेच पासपोर्टची तपासणी होते आणि सहसा बॅगाही तिथेच पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात, जरी त्यावर पुढच्या गावाची चिठ्ठी असली तरी. न्यूयॉर्कहून पुढे डॅलसला जायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

६. खानदेश ते मुंबई: खरी जोखीम इथे

साडेबारा हजार किलोमीटरांत विमान पाऊण तास उशिरा होतं. जळगाव–मुंबईच्या ४२० किलोमीटरांत मात्र दोन-तीन तास सहज इकडेतिकडे होतात. म्हणून सगळी राखीव वेळ या टप्प्यावर खर्च करा.

जळगाव विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये झालं, पण उडान योजनेतली नियमित सेवा २०१७ च्या अखेरीस आली, मध्ये ती बंदही पडली, आणि २०२४ पासून पुन्हा छोटी विमानं उडायला लागली. मुंबईचं विमान तुमच्या दिवशी असेल आणि वेळ जुळत असेल तर तासा-सव्वातासात मुंबई. मात्र दोन गोष्टी बघा. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी असते, अमेरिकेच्या दोन-दोन भरलेल्या बॅगा तिथे जादा पैसे मागतात. आणि अशी फेरी रद्द झाली तर लगेच दुसरी नसते. त्या दिवशी रेल्वेने मुंबई गाठता येईल एवढा वेळ हाताशी असेल, तरच हा मार्ग धरा.

रेल्वेने सात-आठ तास धरा. भुसावळ हे मोठं जंक्शन असल्यामुळे गाड्यांची कमी नाही, पण उत्तरेकडून किंवा हावड्याकडून येणारी गाडी आपल्या स्टेशनात यायच्या आधीच उशिराने धावत असते. अशा दिवशी शक्यतो भुसावळहून किंवा विदर्भातून सुटणारी जवळची गाडी घ्या. चाळीसगाव, पाचोऱ्याच्या लोकांनी थांब्याचं नीट बघावं, सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत. सहारला जायचं तर सीएसएमटीपर्यंत जाऊन परत मागे यायची गरज नाही. सामान जास्त असेल तर ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. आता मेट्रो तीन दादरहून थेट टर्मिनल दोनच्या स्टेशनात जाते. एकटा पोरगा पाठीवर एक बॅग घेऊन निघाला असेल तर ती फार सोयीची. चार बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर टॅक्सीच बरी. मेट्रो रात्रभर चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

धुळेकर बहुधा गाडी करून जातात. सव्वातीनशे किलोमीटरचा आग्रा रोड, सहा-सात तास. नाशिकपर्यंत झक्कास, पुढे कसारा घाट आणि भिवंडी-ठाण्याची कोंडी. ड्रायव्हर 'पाच तासात पोचवतो' म्हणेल. त्याला हो म्हणा आणि विमानतळावर पोचायच्या वेळेच्या आठ तास आधी निघा.

जून ते सप्टेंबर असेल तर मी एकच सांगेन, एक दिवस आधी मुंबईत जाऊन राहा. कसाऱ्याच्या घाटात दरड आली किंवा रुळांवर पाणी साचलं तर रस्ता आणि रेल्वे दोन्ही एकाच दिवशी अडकतात. नातेवाईक डोंबिवलीला असतातच कुणाचे ना कुणाचे तरी.

विमानतळावर तीन-साडेतीन तास आधी. सामान घेणारी खिडकी साधारण एक तास आधी बंद होते. दोनचं विमान म्हणजे दोनला पोचायचं नसतं. दोनला ते दरवाजापासून मागे सरकायला लागतं आणि त्याचं दार त्याआधीच बंद होतं.

७. उतरल्यावरचे दोन तास

पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, कस्टम. न्यूयॉर्कला यात एक ते दोन तास जातात, एकाच वेळी चार मोठी विमानं उतरली तर जास्तही. इथे वेळ वाढवणारी एक गोष्ट आपल्या हातात आहे. भरताची वांगी, केळी, हिरव्या मिरच्या बॅगेत घालू नका. ताजी फळं-भाज्या तिकडे नेता येत नाहीत, तिथे काढून घेतात आणि लपवलेलं सापडलं तर दंडही होतो. पोराला भरीत खायचंय हे मान्य, पण बामणोदचं वांगं नेवार्कच्या कचरापेटीत जाण्यात काय हशील? बिबड्या, शेव, काळा मसाला असं कोरडं असेल तर विचारल्यावर 'खाण्याचं आहे' असं सरळ सांगा.

८. आता सगळं एका कागदावर

वरचंच उदाहरण घेऊ. सगळ्या वेळा भारतीय.

१४ तारीख, सकाळी १०: जळगावच्या घरातून निघालो.
सकाळी ११: गाडी.
संध्याकाळी ७: ठाणे किंवा दादर.
रात्री ९: टर्मिनल दोन.
१५ तारीख, रात्री २: विमान सुटलं.
१५ तारीख, संध्याकाळी साडेसहा: न्यूयॉर्क (तिथे सकाळचे ८).
रात्री साडेआठ: बॅगा घेऊन बाहेर.
रात्री १०: पोराच्या घरी (तिथे सकाळचे साडेअकरा).

सकाळी १० ते दुसऱ्या दिवशी रात्री १०. छत्तीस तास, तेही थेट विमानाने. दुबईमार्गे यात पाच-सहा तास मिळवा. शेजारचे नाना 'कितला टाईम लागस रे भाऊ?' विचारतील तेव्हा हा आकडा सांगा.

या कागदाच्या तीन प्रती करा. एक घरी राहणाऱ्यांकडे, एक पोराला फोटो काढून पाठवा, एक आईच्या पर्समध्ये. कागदावर विमानाचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा. तो टाकला की विमान कुठवर आलं हे घरच्यांना मोबाइलवर दिसतं, आणि आइसलंडवर ते ठिपक्यासारखं दिसलं तर 'वाट चुकलं की काय' म्हणून कुणी घाबरणार नाही, दोरा लावलेला असतोच.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर हाच कागद घेऊन निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा. कुठल्या वेळेला कुठली गोळी, इन्सुलिन कधी आणि किती, हे त्यांच्याकडूनच कागदाच्या कडेला लिहून घ्या. विमानात जेवण आपल्या वेळेला येत नाही. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत नाही. दर दीड-दोन तासांनी उठून गल्लीत दोन फेऱ्या मारा, पाय कमी सुजतात.

तिकडे पोचल्यावर घड्याळ बदला, पण आठवडाभर एक घड्याळ भारतीय वेळेवर राहू द्या. जळगावला फोन करायचा तर न्यूयॉर्कची सकाळी सात ते दहाची वेळ बरी, तेव्हा इथे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच ते साडेआठ असतात.